कारंज्याकाठच्या किनखेडेबाई

किनखेडेबाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागत, आणि पेला ओठांना लावण्याआधी नाकाला लावत. नव्याने ओळख झालेल्या घरात याचा फार राग यायचा. चिंच लावून घासलेल्या पितळी पेल्यात कोणी असं नाक खुपसलं तर कुठल्या बाईला बरं वाटेल? पण बाईंना पेल्याशी काही देणंघेणं नसे. त्या पाण्याचा वास घेत. वास आला की चेहरा खुलायचा. "येतोय," असं स्वतःशीच म्हणायच्या आणि सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकायच्या.

वास क्लोरीनचा. आम्हा बाकीच्यांना तो वास आला की मळमळायचं.

राज्यांची फेररचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. कचेऱ्या भोपाळला हलल्या. कचेऱ्यांबरोबर फायली आल्या, फायलींबरोबर कारकून, आणि कारकुनांबरोबर आम्ही बायका. शहराबाहेरच्या एका खडकाळ टेकाडावर नवे क्वार्टर्स बांधले होते. भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता आणि सावलीला एक झाड नव्हतं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या दारावर पाटी होती, 'अ. गो. किनखेडे'. हे अण्णासाहेब माझ्या यजमानांच्याच कचेरीत वरच्या जागेवर होते. शांत, हसरे, सुपारी कातरत बसणारे. त्यांच्या पत्नी म्हणजे बाई.

नागपुरात त्या मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. कायमची नोकरी. नवऱ्याची बदली झाली म्हणून ती सोडून आल्या. इथे शाळांमधून विचारणा केली तर सगळीकडे एकच उत्तर, जागा निघाली की कळवू. पण बाईंना घरात बसायची सवय नव्हती. सकाळची कामं आटोपली की त्या खळ दिलेलं पातळ नेसायच्या, पदराला खांद्यावर पिन लावायच्या, मनगटावर घड्याळ बांधायच्या आणि शाळेच्या वेळेला दाराबाहेर पडायच्या. कुठे जायचं ते ठरलेलं नसायचं. मी एकदा विचारलं, "बाई, कुठे निघालात?" तर म्हणाल्या, "अजून ठरलं नाही गं. पण तास सुरू झालाय."

कुणी काही विचारलं की त्यांचं पहिलं वाक्य, "प्रश्न चांगला आहे." दुसरं वाक्य बहुतेक वेळा, "दोन कुंड्या लाव." म्हणजे वाद घालू नकोस, करून बघ. भोपाळच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही अशी आमच्या वसाहतीत सार्वत्रिक तक्रार होती, त्यावर माझे यजमान एकदा तावातावाने बोलायला लागले. बाईंनी शांतपणे त्यांच्याच हातात दोन पातेली दिली. एकात नागपूरहून आणलेली डाळ, एकात इथल्या जुमेराती बाजारातली. पाणी दोन्हीत एकच. नागपूरची डाळ आधी शिजली. "म्हणजे पाणी निर्दोष सुटलं," बाई म्हणाल्या. "आता वाण्याशी भांडा."

वसाहतीच्या मधोमध चौक होता आणि चौकात कारंजं. भोपाळचे लोक त्याला फव्वारा म्हणत, आणि पुढे आमची मुलंही तेच म्हणायला लागली. गोल हौद, कडेला बसायला दगडी कट्टा, मधे कमळाच्या आकाराची सिमेंटची तोटी. बाकी काही नसलेल्या त्या टेकाडावर तेवढीच एक शोभा होती. संध्याकाळी ते सुरू झालं की सगळी वसाहत तिथे जमायची. उद्घाटनाला कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून देखभाल कचेरीने कारंज्याभोवती गुलाब, डेलिया आणि शेवंती आणून लावली. फार सुरेख दिसलं ते. पण थोड्याच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या, मग पानं कागदासारखी कुरकुरीत झाली, आणि फुलं न उमलताच मान टाकू लागली. कचेरीने नवी रोपं लावली. तीही गेली. पुन्हा लावली. पुन्हा गेली.

तिसऱ्या वेळेला लोक घाबरले. कारंज्याला पाणी नळाचंच होतं, आणि त्याच नळाचं पाणी आमच्या माठांत होतं. त्या पाण्यात काहीतरी औषध टाकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, वास तर रोज येत होता. आता ते औषध काय करतं हेही डोळ्यांसमोर दिसत होतं.

कट्ट्यावर सभा भरली. पुढाकार मुळ्येकाकांचा. काका कचेरीत हेडक्लार्क, वसाहतीतला गणपती त्यांनीच सुरू केलेला. माणूस सरळ, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. त्यांच्या मांडीवर त्यांचा नातू होता. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी काही शिकलेला शास्त्री नाही. माझा एकच सवाल आहे. जे पाणी गुलाबाला मारतं, ते या लेकराच्या पोटात जाऊन काय करत असेल?"

प्रश्न आमच्या सगळ्यांच्या मनातला होता. माझी मीना तेव्हा तान्ही होती. मी नुकतंच तिला चमच्याने पाणी पाजायला लागले होते.

मागून बाईंचा आवाज आला. "प्रश्न चांगला आहे."

"मग उत्तर द्या ना बाई," काका म्हणाले. "तुम्ही तर झाडापानांच्याच मास्तरीण."

"उत्तर मला अजून माहीत नाही. थोडा अवधी द्या, मी शोधते. पण तोवर नळाचं पाणी सोडू नका. टेकाडाखालच्या बावडीचं, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचं, तर मुळीच पिऊ नका. मी उतरून पाहून आले आहे. वरच्या पायरीवर धुणी, खालच्या पायरीवर म्हशी."

"बेगमांच्या काळापासून लोक ते पाणी पितात."

"बेगमांच्या काळात वर ही सगळी वसाहत नव्हती, काका. आपलं सांडपाणी उताराने कुठे जातं ते एकदा बघा."

तेवढ्यात बायकांमधून कोणीतरी म्हणालं, आणि चांगलं मोठ्याने म्हणालं, "ज्याला मूल नाही त्याला काहून कळेल बाप्पा लेकराची काळजी."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, निदान उठून जातील. त्या जागच्या हलल्या नाहीत. "आणायचंच असेल बावडीचं पाणी," त्या म्हणाल्या, "तर खळखळ उकळून घ्या. एवढं तरी ऐका." आणि खाली बसल्या.

कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बावडीच्या वाटेवर घागरींची रांग लागली. कोळसा महाग नव्हता, पण घागरभर पाणी रोज उकळत बसायला वेळ कोणाला होता?

त्याच दुपारी बाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी दोन माठ शेजारी शेजारी ठेवले होते, एक नळाचा, एक बावडीचा, आणि कुठल्यातून घ्यावं ते न सुचून नुसती बसले होते. बाईंनी नळाच्या माठातलं पाणी काढलं, पेला नाकाला लावला आणि पिऊन टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शरू, तू मला सांग. मीनाला मी पाजू का? माझ्या हाताने?"

मी हो म्हटलं. आजही सांगता यायचं नाही की का म्हटलं. त्यांच्या प्रश्नात मला ढकलणं नव्हतं, एवढं मात्र जाणवलं. बावडीचा माठ त्यांनी मागच्या अंगणात नेऊन ओतून दिला.

त्यानंतर त्यांच्या अंगणात कुंड्यांची शाळा भरली. गुलाबाची रोपं, सगळी सारख्या उंचीची, एकाच वाफ्यातली. काही कुंड्यांना जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली, काहींना हिरवी, काहींना पांढरी. लाल चिंधीला कारंज्याच्या हौदातलं पाणी, पांढरीला घरच्या नळाचं, हिरवीला बावडीचं. उन्हाळा चढत होता. बाई शाळेच्या वेळेला घड्याळ बांधून कुंड्यांपुढे हजर. अण्णासाहेब मला म्हणाले, "आमच्या घरी आता हजेरी घेतात बरं का. मी पण 'हजर' म्हणून सुपारी मागतो."

लाल चिंधीवाले गुलाब जळाले. हिरव्या आणि पांढऱ्या चिंधीचे टवटवीत राहिले.

बाई त्या कुंड्यांसमोर उकिडव्या बसून कितीतरी वेळ पाहत होत्या. "शरू, नळाचं पाणी गुलाबाला मारत नाही," त्या म्हणाल्या. "कारंज्यातलं मारतं. पण पाणी तर एकच आहे. म्हणजे हौदात गेल्यावर त्याचं काहीतरी होतं."

त्या उठल्या आणि थेट मुन्ने खाँकडे गेल्या. मुन्ने खाँ म्हणजे कारंज्याची राखण करणारा, अस्सल भोपाळचा माणूस, तोंडात कायम पान. झाडं मरायला लागल्यापासून लोक त्यालाच शिव्या घालत होते.

"खाँसाहब, हौज में आप क्या डालते हैं?" बाईंचं हिंदी नागपुरी वळणाचं, पण स्वच्छ.

मुन्ने खाँने आधी इकडे तिकडे पाहिलं. मग पंपाच्या खोलीतून एक पत्र्याचा डबा आणला. "ये सफ़ेद दवा, बाई साब. साहब का हुकुम है, हौज में हरा नईं दिखना चाहिए. अब धूप में तो काई जमती ही है. तो अपन रोज़ डाल देते हैं."

"कितना?"

त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मग दुसऱ्यांदा ओंजळ केली. मग जरा ओशाळून तिसऱ्यांदा.

डब्यात ब्लीचिंग पावडर होती. शेवाळ मारायला तो ओंजळींनी ओतत होता, तेच पाणी दिवसभर गोल गोल फिरत होतं, उन्हाने आटत होतं आणि तुषार होऊन पानांवर बसत होतं. नळातलं औषध आणि हौदातलं औषध जातीने एक, पण चिमटीचा आणि टोपलीचा फरक. बाई मला घरी येऊन समजावत होत्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. पुढे पुष्कळ वर्षं मी त्यांना पाहिलं, पण इतक्या आनंदात क्वचितच.

देखभाल कचेरीतले सक्सेनासाहेब तरुण इंजिनिअर होते. बाईंनी सगळं सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच. "मुन्ने ख़ाँ को तो मैं आज ही निकालता हूँ."

"उनको नापकर डालने के लिए चम्मच किसने दिया था?" बाईंनी विचारलं.

सक्सेनासाहेब पुन्हा बसले. खरं म्हणजे तेही बरे होते. पावडर अगदी बंद केली तर शेवाळ आणि डास होतील, आणि मोठे लोक वसाहत पाहायला येतात तेव्हा हिरवा हौद चालायचा नाही, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: पावडर मापाने टाकायची, हौदाचं पाणी आठवड्याला बदलायचं. तरी तुषारांतून थोडं औषध उडणारच. तेव्हा काठाला ते सोसणारी झाडंच लावायची. ती कुठली ते बाईंनी सांगायचं.

मला वाटलं, झालं की सगळं. आता वसाहतीला सांगून टाकू. बाईंनी खरंच सांगितलं. घरोघर जाऊन चिंध्यांच्या कुंड्या दाखवल्या. चार घरांना पटलं. बाकीचे म्हणाले, कुंडीतलं आम्हाला काय सांगता, चौकात बघा. चौकात अजून काळवंडलेली खुंटं उभी होती.

"त्यांचं चूक नाही," बाई मला म्हणाल्या. "माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवतो. कारंज्याकाठी हिरवं दिसल्याशिवाय बावडीची वाट बंद व्हायची नाही."

तेव्हा मुन्ने खाँने एक तोड सुचवली. त्याची नोकरी बाईंनी वाचवली होती, त्याला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. तो म्हणाला, "बाई साब, अपन गुलाब ही लगा देते हैं. पहाटेच फव्वाऱ्याच्या तिकडच्या बाजूला लावू, बावडीचं पाणी घालू, संध्याकाळी तुषार उडायच्या आधी पत्रा आडवा लावू. फूल खिलेगा, लोग मान जाएँगे. क़िस्सा ख़तम." हे तो अर्धं त्याच्या हिंदीत आणि अर्धं, माझ्यासाठी, आमच्याकडून उचललेल्या मराठीत बोलला.

मलाही ते पटलं. लोकांचं भलंच होणार होतं ना! पण बाईंनी मान हलवली. "नहीं खाँसाहब. उद्या कोणाला तो पत्रा दिसला, तर नळाचं पाणीही खोटं आणि मीही खोटी. मग पुन्हा कोणी ऐकायचं नाही."

मग खरी निवड सुरू झाली. टेकाडावर, तलावाच्या बाजूला, रेल्वेच्या रुळांकाठी, जिथे जिथे निगा न घेता काही वाढतं तिथे तिथे बाई छत्री घेऊन हिंडल्या. मी कधी मीनाला कडेवर घेऊन सोबत जायची. त्या पान तोडून बोटांत चुरायच्या. "जाड आहे. मेणचट आहे. हे टिकेल कदाचित." पातळ, लवदार पानाची झाडं त्या नुसत्या कुरवाळून सोडून द्यायच्या. आणलेलं प्रत्येक रोप आधी कुंडीत, आणि त्याला हौदाचं पाणी, तेही मुद्दाम पानांवरून.

नेचे दोन दिवसांत गेले. मोगरा गेला. मोगरा जाताना बाईंना फार वाईट वाटलं, कारण तो त्यांनी नागपूरच्या घरून आणलेल्या वेलाचा होता. जास्वंद कशीबशी तग धरून राहिली, तिला त्यांनी लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला जागा दिली. कण्हेर सगळ्यांत छान जगली, तिला जणू पाण्यात काही आहे हे कळलंच नाही. सक्सेनासाहेब खूश झाले, म्हणाले चारी बाजूंनी कनेरच लावून टाकू. बाईंनी साफ नकार दिला. कण्हेरीचं पान, फूल, सगळं विषारी. "इथे रांगणारी मुलं येतात. ती दिसेल ते तोंडात घालतात. मला झाड जगवायचं आहे, पण कशासाठी जगवते आहे ते विसरून कसं चालेल?"

शेवटी काठाच्या सगळ्यांत जवळ, जिथे तुषार थेट पडत, तिथे हरळी लावली. देवाला वाहतो तीच दूर्वा. तिच्यामागे चिनी गुलाब, आम्ही ज्याला ऑफिसटाइम म्हणायचो, कारण फुलं कचेरीच्या वेळेला उमलत आणि संध्याकाळी मिटत. मग कोरांटी, पांढरी आणि गुलाबी. त्यामागे रुंद पानांची कर्दळ, आणि सगळ्यांत मागे, मुलांना काटे लागू नयेत इतक्या अंतरावर, बोगनवेल. मुन्ने खाँने आळी केली. आठवड्यातून एकदा नळाच्या साध्या पाण्याने पानं धुवायची हेही बाईंनी त्याच्याकडून घोटून घेतलं. लावून झाली तेव्हा ती सगळी रोपं इतकी किरकोळ दिसत होती की येणारे जाणारे हसत. गुलाब कुठे आणि हे गवत कुठे!

ती रोपं मुळं धरत होती आणि इकडे पावसाळा भरात आला. बावडीचं पाणी गढूळ, वर चढलेलं. श्रावणात एका घरी ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले, मग दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. मुळ्येकाकांचा नातू सकाळी खेळत होता आणि दुपारी त्याचे डोळे खोल गेले.

बाईंना कळलं तेव्हा त्या जेवत होत्या. ताट तसंच टाकून उठल्या. काकांच्या घरी मी त्यांच्या मागोमाग पोचले तेव्हा त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं होतं आणि उकळून निववलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमच्या चमच्याने त्याच्या तोंडात सोडत होत्या. तो ओकत होता. त्या तोंड पुसून पुन्हा चमचा लावत होत्या. टांगा आला. हमीदिया इस्पितळात पोचेपर्यंत त्यांनी चमचा थांबवला नाही, असं काका नंतर सांगत. मुलाला सलाइन लावलं. दोन दिवस काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने आईला हाक मारली.

त्या साथीत आमच्या वसाहतीत बरीच घरं आजारी पडली. एक म्हातारे गृहस्थ गेले. आजारी घरं बहुतेक बावडीची. आमच्या घरात, किनखेड्यांकडे, आणि ज्या चार घरांना कुंड्या पटल्या होत्या तिथे कोणाला काही झालं नाही. माझी मीना त्या पावसाळ्यात पहिलं पाऊल टाकायला शिकली.

मुलाला घरी आणल्यावर काका त्याला घेऊन बाईंकडे आले. मी तिथेच होते. बाईंनी मुलाचा हात हातात घेतला, नखं पाहिली, आणि एवढंच म्हणाल्या, "आता नळाचं पाजा हं, काका." आधी काय सांगितलं होतं, कोण काय बोललं होतं, त्याचा त्यांनी उच्चारही केला नाही. त्या दिवशीही नाही, पुढे कधीही नाही.

त्या गेल्यावर, म्हणजे काकांना फाटकापर्यंत पोचवायला गेल्यावर, मी अण्णासाहेबांना म्हटलं, "सभेत मूल नसल्यावरून कोणी इतकं लागेल असं बोललं, तरी बाईंनी त्याला उत्तर दिलं नाही."

अण्णासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "आम्हाला मुलगा होता, शरयू. वासू. वर्ध्याजवळच्या आमच्या खेड्यात, विहिरीच्या पाण्याने. एका दिवसात गेला." मग ते म्हणाले, "सभेहून आलो तेव्हा मी हिला म्हटलं, तू सांगून का टाकत नाहीस? सगळे ऐकतील. तर म्हणाली, वासूला मी पुरावा म्हणून उभा करणार नाही. पुरावा कुंड्यांचा देईन."

बाई परत आल्या तेव्हा मी खाली मान घालून मीनाचं झबलं आवरत होते. त्यांना कळलं असावं. माझ्या पाठीवरून हात फिरवून त्या आत चहा टाकायला गेल्या.

दसऱ्यापर्यंत कारंज्याचा काठ भरून गेला. हरळीची गादी झाली होती. ऑफिसटाइमची फुलं इतकी की मुन्ने खाँ सकाळी लोकांना हात धरून दाखवायला न्यायचा, भोपाळी रिवाजाने प्रत्येकाला 'ख़ाँ' म्हणत. "देखो ख़ाँ, यही पानी है. वही दवा है." एका रविवारी सकाळी मी पाहिलं, मुळ्येकाका धोतर खोचून कोरांटीत बसले होते आणि तण उपटत होते. बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "ते नका उपटू काका, ते रोप आहे." काका निमूटपणे हात मागे घेत होते. बावडीच्या वाटेवर गवत माजलं. दसऱ्याला सोनं वाटायला सगळी वसाहत पहिल्यांदा किनखेड्यांच्या दारी गेली, आणि मूल नसण्यावरून सभेत ज्या शेजारीण बोलल्या होत्या त्या सगळ्यांत पुढे होत्या. बाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि त्यांच्या मुलीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं.

पुढच्या वर्षी मुलींच्या एका शाळेत जागा निघाली आणि बाईंना त्यांचा तास मिळाला. हिंदीतून शिकवायला लागल्या. त्यांच्या वर्गातल्या मुली कारंज्याकाठी येऊन पानं चुरून बघत. मग त्या माझ्या मागे लागल्या आणि माझं अर्धवट राहिलेलं शिक्षण मला बाहेरून पूर्ण करायला लावलं. त्याबद्दल कधी बोलायला गेले तर "प्रश्न चांगला आहे" म्हणून उठून जायच्या, मी काही प्रश्न विचारलेला नसला तरी.

मग आमची जबलपूरला बदली झाली. निघताना मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बाई, माझी मीना तुमच्यामुळे आहे." त्या गडबडल्या. "असं काही नसतं गं. तू हो म्हणालीस म्हणून." इतक्या वर्षांत मी पुष्कळदा यावर विचार केला. हो मी म्हटलं हे खरं. पण एका घाबरलेल्या पोरीला न दटावता, न भिववता, तिच्याच तोंडून हो म्हणवून घेणारं माणूस शेजारी राहायला येतं हे माझं नशीब. मीना आज दोन मुलांची आई आहे. तिच्या घरातलं पाणी मी पिते तेव्हा मला बाईंची आठवण येते, आणि ती आठवण दुःखाची कधीच नसते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी. अण्णासाहेब गेले होते. बाई निवृत्त होऊन अशोका गार्डनमधे रेल्वेलाइनजवळ दोन खोल्या घेऊन राहत होत्या. एका लग्नासाठी मी भोपाळला आले होते, परतीच्या गाडीला थोडा अवकाश होता, म्हणून ऑटो करून पत्ता शोधत गेले. दाराला कुलूप. शेजारची मुलगी म्हणाली, "नानी पीछे वाली गली में हैं. वहाँ सबको पीलिया हुआ है ना."

काविळीची साथ आलेल्या त्या मागच्या गल्लीत बाया घोळका करून वर बघत उभ्या होत्या. मीही वर पाहिलं. एका घराच्या गच्चीवर सिमेंटची टाकी होती आणि टाकीला लोखंडी शिडी लावलेली. शिडीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर किनखेडेबाई उभ्या होत्या. केस पूर्ण पांढरे, पातळाचा ओचा कमरेला खोचलेला. खालून घरमालकीण ओरडत होती, "माँजी, गिर जाओगी! उतर आओ!"

मी हाक मारली. त्यांनी वळून खाली पाहिलं, डोळे बारीक केले. "शरू? तू? थांब गं, आलेच. एवढं बघू दे."

मग त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं, एका हाताने कठडा धरला आणि वाकल्या. डोकं आत गेलं, खांदे आत गेले. खालून आता फक्त पातळाचा घोळ आणि शिडीवर घट्ट रोवलेली दोन पावलं दिसत होती. टाकीच्या आतून त्यांचा आवाज घुमून गल्लीभर ऐकू आला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"बहनजी, ये टंकी आख़री बार कब धुली थी?"

गल्लीतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग एकेक करून त्या आपापल्या गच्चीकडे पाहू लागल्या.